गाऊटची गोळी सुरू करण्याआधी एचएलए-बी*५८:०१ तपासणी: आपल्याकडे कोणी केली आहे का?

शिन्चूकर

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात बरंच शोधलं, यावर धागा दिसला नाही, म्हणून काढतोय.

मी तैवानात शिन्चूला असतो, चिपच्या धंद्यात. इथे गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार, घरटी एक. २०१० च्या आकडेवारीत तैवानमधल्या ६.२४ टक्के लोकांना गाऊट होता, जगात सगळ्यात वरच्या आकड्यांपैकी एक. त्यात ऑफिसच्या पार्ट्या, बीअर आणि कोळंबी-शिंपल्यांचा हॉटपॉट. व्हायचं ते झालं, उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा झाला आणि पंख्याचा वारा लागला तरी ठणकायचा. झटके वारंवार यायला लागल्यावर डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड उतरवायची रोजची गोळी सुरू करायचं ठरवलं, पण चिठ्ठी लिहायच्या आधी रक्त घेतलं. अ‍ॅलोप्युरिनॉल द्यायचं तर आधी ही जनुकीय तपासणी, म्हणाले. ५८:०१ असलेल्यांना त्या गोळीची कातडीवर गंभीर रिअ‍ॅक्शन येण्याचा धोका असतो. माझी पॉझिटिव्ह आली. मला फेबुक्सोस्टॅट हे दुसरं औषध दिलं, माझा विषय संपला.

घोर आहे तो साताऱ्याचा. नाना, म्हणजे माझे वडील, ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.८, म्हणजे वाढलेलं. कसल्याशा फुल बॉडी पॅकेजमध्ये युरिक अ‍ॅसिड ८.१ आलं आणि तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅलोप्युरिनॉल ३०० रोज एक अशी लिहून दिली. नानांचा सांधा आजवर एकदाही सुजलेला नाही. गोळी सुरू होऊन महिना व्हायचाय. माझ्यात हे जनुक आलंय म्हणजे नाना किंवा आई, कुणाकडून तरी आलंच असणार. फोनवर सांगितलं तर नाना म्हणतात, "ते तुमचं चिनी लोकांचं असतं. आपल्याकडं अख्खं गाव ही गोळी खातंय."

ही तपासणी भारतात होते का? कुणी करून घेतली आहे का?

गोळीवाला

सांगलीत मेडिकल आहे माझं, तेव्हा अख्खं गाव काय खातंय ते मी रोज बघतो. अ‍ॅलोप्युरिनॉलची १०० ची आणि ३०० ची अशा दोन्ही स्ट्रिपा जातात. चिठ्ठीवर पहिल्याच दिवसापासून ३०० दिसली की मी विचारतो, "किडनीचा रिपोर्ट आहे का?" निम्मे लोक माझ्याकडं असं बघतात की मी त्यांची पत्रिका मागितली.

औषध वाईट नाही हं. १९६६ पासून बाजारात आहे, स्वस्त आहे, आणि ज्यांनी ते शोधलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालंय. पण त्याची सुरुवात १०० किंवा त्याहून कमीने करायची आणि हळूहळू चढवायची असते. क्रिएटिनिन १.८ असताना तर १०० पण जास्त. तपासणीचं नंतर बघा, आधी डोस बघा.

स्किनओपीडी

शिन्चूकर, मी सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात काम करते. तपासणीची चर्चा करूच, पण आजच्या आज नानांना फोन करून एवढं विचारा: ताप आहे का, घसा दुखतोय का, डोळे लाल झालेत किंवा चुरचुरतायत का, तोंडात फोड किंवा छाले आहेत का, अंगावर लाल चट्टे आलेत का आणि त्या जागी हात लावला तर कातडी दुखते का. यातलं एक जरी असलं तरी पुढची गोळी न घेता लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. काहीच नसलं तरी उद्या ज्यांनी गोळी दिली त्यांना किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून तुमचा रिपोर्ट दाखवायचा.

कारण सांगते. या गोळीची गंभीर रिअ‍ॅक्शन येणार असेल तर ती बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते. तुमचे नाना ऐन त्या मुदतीत आहेत, वय जास्त, मूत्रपिंड कमजोर, आणि सुरुवातच मोठ्या डोसने.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि त्याचा थोरला भाऊ टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस, ज्याला आम्ही नुसतं टेन म्हणतो, यांत कातडीचा वरचा थर मरून सुटतो. टेनमध्ये साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो. आमच्या वॉर्डात अशा रुग्णाला भाजलेल्या माणसासारखं ठेवावं लागतं. चादरीला अंग चिकटू नये म्हणून खाली व्हॅसलिनची जाळी अंथरतो, पापण्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून दिवसातून कितीदा तरी डोळ्यांत थेंब आणि काचेच्या कांडीने हलकेच सोडवणं. वाचलेल्यांपैकी काहींची नजर कायमची अधू होते. तिसऱ्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनला ड्रेस (DRESS) म्हणतात. त्यात कातडी सुटत नाही, पण ताप, चेहऱ्यावर सूज, रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि लिव्हर-किडनी धोक्यात. त्यातही माणसं जातात.

घाबरवायला लिहीत नाहीये. हे क्वचित होतं. पण ज्याचं होतं त्याच्या घरचे येऊन एकच विचारतात, "आधी कळलं नसतं का?" आणि या एका गोळीपुरतं बऱ्याच अंशी कळू शकतं.

फटकळ

क्वचित म्हणजे किती ते लिहा की. तपासणी म्हटलं की लॅबवाल्यांचा फायदा हे मला पहिल्यांदा दिसतं. उद्या क्रोसिनच्या आधीपण जनुकं तपासा म्हणाल.

स्किनओपीडी

रास्त प्रश्न आहे. आकडे तैवानचेच देते, कारण हे सगळं तिथेच नीट अभ्यासलं गेलं.

२००५ मध्ये तिथल्या संशोधकांनी अ‍ॅलोप्युरिनॉलने गंभीर रिअ‍ॅक्शन आलेले ५१ रुग्ण तपासले. एचएलए-बी*५८:०१ किती जणांत? ५१ पैकी ५१. तीच गोळी विनात्रास घेणाऱ्या १३५ जणांत फक्त २०. वैद्यकात इतका स्वच्छ निकाल फार कमी बघायला मिळतो.

मग पुढचा प्रश्न की आधी तपासून रिअ‍ॅक्शन टळते का. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात तैवानमधल्या २,९२६ लोकांना गोळी सुरू करण्याआधी तपासायचं ठरलं. १९.६ टक्के पॉझिटिव्ह निघाले, त्यांना दुसरं औषध किंवा दुसरा उपाय दिला, बाकीच्यांना अ‍ॅलोप्युरिनॉल. जुन्या हिशेबाने त्या गटात सातेक जणांना गंभीर रिअ‍ॅक्शन यायला हवी होती. आली शून्य.

फटकळ

म्हणजे पाचातला एक पॉझिटिव्ह, आणि त्रास होणार तीन हजारांत सात जणांना. बाकी पाचशेच्या वर लोकांना चांगली स्वस्त गोळी उगीचच नाकारली. हा तुमचा स्वच्छ निकाल?

स्किनओपीडी

हिशेब बरोबर आहे तुमचा. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातल्या मोजक्या एक ते तीन जणांनाच प्रत्यक्ष रिअ‍ॅक्शन येते. या तपासणीचं बळ पॉझिटिव्हमध्ये नाहीच, निगेटिव्हमध्ये आहे. आणि नाकारलेल्यांना उपाय उरत नाही असंही नाही, शिन्चूकर फेबुक्सोस्टॅट घेतायतच. एका बाजूला गोळी बदलावी लागणं आणि दुसऱ्या बाजूला कातडी सुटणं, असे दोन तोटे आहेत, सारखे नाहीत. मी तरी बदलेन.

शिन्चूकरांच्या "माझ्यात हे जनुक आलंय" याला एक दुरुस्ती मात्र. एचएलए-बी हे जनुक तुम्हा-आम्हा सगळ्यांना असतं. त्याचे हजारो प्रकार आहेत, त्यातला ५८:०१ हा एक. पेशीच्या आत जे प्रथिनांचे तुकडे असतात ते पृष्ठभागावर धरून टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, दाखवायचं काम हे एचएलए रेणू करतात. अ‍ॅलोप्युरिनॉलचं शरीरात ऑक्सिप्युरिनॉल होतं. ते या ५८:०१ च्या खाचेत बसतं आणि टी-पेशींना आपलीच कातडी परकी वाटते. त्या ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन सोडतात आणि त्याने त्वचेच्या पेशी मरतात. ऑक्सिप्युरिनॉल बाहेर पडतं ते मूत्रपिंडातून. किडनी मंद असली की ते साचतं, म्हणून क्रिएटिनिनची एवढी कटकट.

माहेरवाशीण

माझ्या मिस्टरांना पण युरिक अ‍ॅसिडचा त्रास आहे. त्यांची एचएलए-बी२७ तपासणी मागे कंबरदुखीसाठी केली होती, निगेटिव्ह होती. मग अ‍ॅलोप्युरिनॉल चालेल ना?

गोळीवाला

नाही ताई, ते वेगळं. बी२७ मणक्याच्या आजारासाठी बघतात. त्यात फक्त २७ आहे का नाही एवढंच कळतं, ५८:०१ बद्दल ते काही सांगत नाही. लॅबमध्ये सुद्धा हा घोळ होतो. काउंटरवरचा मुलगा "एचएलए-बी ना? आहे आपल्याकडं" म्हणून बी२७ चं बिल फाडतो. चिठ्ठीवर "एचएलए-बी*५८:०१, अ‍ॅलोप्युरिनॉलसाठी" असं पूर्ण लिहून घ्यायचं.

एक_किडनी

यात भर घालतो. माझं ट्रान्सप्लांट झालंय, त्यासाठी पूर्ण एचएलए टायपिंग झालेलं. हा धागा वाचून जुनी फाइल काढली तर रिपोर्टात बी*३५, बी*५८ असं आहे. पुढचे आकडेच नाहीत. मग मी पॉझिटिव्ह धरायचं का?

स्किनओपीडी

तो कमी बारकाव्याचा रिपोर्ट आहे. ५८ गटात ५८:०१, ५८:०२ असे प्रकार येतात, ५८:०२ मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत. उलगडा होईपर्यंत मी तरी ५८:०१ आहे असंच धरून चालेन आणि नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फाइल दाखवेन. फार जुन्या रिपोर्टात बी१७ लिहिलेलं असतं. त्याचेच पुढे ५७ आणि ५८ असे दोन भाग झाले, तेव्हा बी१७ दिसलं तरी विचारा.

तुमच्यासाठी दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तुम्ही अ‍ॅझाथायोप्रिन (ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते औषध) घेता का? त्याच्याबरोबर अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट गेलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. याचा एचएलएशी संबंध नाही, ते कुणालाही होऊ शकतं.

एक_किडनी

घेत नाही, पण बरं झालं सांगितलंत. फाइलच्या कव्हरवर लाल पेनने लिहून टाकलं.

तारली

एवढी चर्चा, पण गोळीच लागू नये म्हणून काय करायचं ते कोण सांगणार? आमच्या मालवणात युरिक अ‍ॅसिड म्हटलं की पहिली बंदी तूरडाळीवर आणि टोमॅटोवर. मासे मात्र चालू. आमच्याकडचा एक गडी डाळ सोडून रोज सुकट आणि तारली हाणत होता आणि अंगठा धरून बसला होता.

गोळीवाला

तारली, तुमचं नावच पथ्यात बसत नाही हो. :)

डाळीवर उगाच राग आहे लोकांचा. २००४ मध्ये अमेरिकेत पुरुषांवरचा मोठा अभ्यास आला होता. मटण आणि मासळीने गाऊट वाढतो, पण प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी वाढत नाही, आणि दूध-दह्याने उलट कमी होतो. बीअर मात्र सगळ्यांत वाईट. तरी ज्यांना वारंवार झटके येतात किंवा युरिक अ‍ॅसिड साठून गाठी झाल्यात त्यांचं नुसत्या पथ्याने भागत नाही. युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली आणून तिथेच ठेवावं लागतं, त्याला गोळीच.

तारली

बीअरचं ऐकून वाईट वाटलं. आमच्या बांधावर गौरी-गणपतीच्या दिवसांत कळलावी फुलते, तिच्यात गाऊटचं औषध असतं असं मास्तर सांगायचे. खरं काय?

स्किनओपीडी

तिच्यात कोल्चिसिन असतं हे खरं, आणि कोल्चिसिन गाऊटच्या झटक्यावर देतात हेही खरं. पण कळलावीचा कंद पोटात गेलेली माणसं अतिदक्षता विभागात येतात. बांधावरच राहू दे तिला.

फटकळ

मूळ मुद्द्यावर या. नाना म्हणतात ते चुकीचं कुठे आहे? चिनी लोकांत १९ टक्के म्हणून तिथे तपासणी. आपल्याकडे किती?

स्किनओपीडी

युरोपीय वंशाच्या लोकांत एक-दोन टक्के, जपान्यांत त्याहून कमी, हान चिनी, थाई आणि कोरियन लोकांत बरंच जास्त. आपण मध्ये कुठेतरी, आणि भारतात प्रदेश आणि समाज बदलला की आकडा बदलतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात आग्नेय आशियाई वंशाच्या आणि आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांची आधी तपासणी करा म्हटलंय, बाकी सगळ्यांची सरसकट नको म्हटलंय. आपलं नाव त्या यादीत नाही.

म्हणून मीसुद्धा प्रत्येकाला तपासायला पाठवत नाही. पण ज्याच्या सख्ख्या मुलात ५८:०१ सापडलंय त्याला वंशाची टक्केवारी लावायची नसते. नानांच्या बाबतीत शक्यता सरळ निम्म्याच्या आसपास आहे.

आणि आपल्याकडे होत नाही म्हणणाऱ्यांना कार्बामाझेपिनचं उदाहरण. फिट्सच्या या गोळीचा आणि एचएलए-बी*१५:०२ चा संबंधही आधी तैवानमध्ये सापडला. तेव्हाही तो चिनी लोकांचा प्रश्न समजला गेला. २००९ मध्ये भारतीय रुग्णांचा छोटा अभ्यास आला. कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले आठच रुग्ण, पण त्यातल्या सहा जणांत तेच १५:०२.

गोळीवाला

मला तर वाटतं इथे जनुकापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. नानांना गाऊट आहे का? नाही. नुसता आकडा वाढलाय. पॅकेजच्या रिपोर्टात ठळक अक्षरात ८.१ छापून आलं की गोळी! शिन्चूकर, बीपीची गोळी कुठली आहे बघा बरं. नावापुढं "एच" लागलेला आहे का?

शिन्चूकर

आत्ताच बहिणीने स्ट्रिपचा फोटो पाठवला. हो, एच आहे.

गोळीवाला

झालं तर मग. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं. त्यानेच युरिक अ‍ॅसिड चढतं. एक गोळी आकडा चढवतेय आणि दुसरी उतरवतेय, मध्ये नाना. डॉक्टरांना विचारा, एच काढून चालेल का. लोसार्टान थोडं युरिक अ‍ॅसिड उतरवतं, पण त्याचा निर्णय क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून त्यांनीच घ्यायचा.

स्किनओपीडी

गोळीवाल्यांशी शंभर टक्के सहमत. २०१५ मध्ये तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून एक अभ्यास झाला. सांध्यांचा त्रास नसताना केवळ आकड्यासाठी ही गोळी दिलेले आणि त्यातून किडनी किंवा हृदयाचा आजार असलेले, अशांत रिअ‍ॅक्शनचा धोका जास्त दिसला. ज्यांना गरजच नव्हती अशांनी जीव गमावायचा, याला काय अर्थ आहे?

शिन्चूकर

अपडेट. नानांना ताप, चट्टे काही नाही. बहीण पुण्याहून गेली आणि त्यांच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी रिपोर्ट शांतपणे वाचला, अ‍ॅलोप्युरिनॉल बंद केलं, एचवाली गोळी बदलली आणि युरिक अ‍ॅसिडचा आकडा काही महिने विसरून जा म्हणाले. अंगावर काही उठलं तर रात्री-बेरात्री फोन करायचा, असंही बजावलं.

तपासणी तरीही केली. जांभळ्या झाकणाची एक नळी रक्त, उपाशीपोटी जायची गरज नाही. नमुना मुंबईला गेला, काही हजार रुपये लागले. आज रिपोर्ट आला. नाना निगेटिव्ह!

फटकळ

म्हणजे पैसे पाण्यात. अभिनंदन.

स्किनओपीडी

पाण्यात कसे? नाना निगेटिव्ह म्हणजे आई पॉझिटिव्ह, वेगळी तपासणी न करताच कळलं. शिन्चूकर, आईच्या फाइलवर हे लिहून ठेवा. त्यांची भावंडं आहेत का?

शिन्चूकर

डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. कराडचे मामा! त्यांना खराखुरा गाऊट आहे, कोपराला गाठी आहेत. मधुमेहामुळे किडनीही थोडी गेलीय. कायमची गोळी अजून घेत नाहीत, झटका आला की वेदनाशामक इंजेक्शन घेऊन मोकळे होतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या माहेरचं काहीतरी निघणारच, तुझ्या नानांना एवढंच हवं होतं."

स्किनओपीडी

मामांसाठी ही तपासणी खऱ्या अर्थाने कामाची. बहिणीत आहे म्हणजे त्यांच्यात असण्याची शक्यता निम्मी किंवा थोडी जास्तच. आणि गाठी असल्यामुळे त्यांना गोळी टाळून चालणार नाही. निगेटिव्ह आले तरी सुरुवात अगदी कमी डोसनेच. पहिले काही महिने झटके उलट वाढू शकतात, त्यासाठी कोल्चिसिन जोडून देतात, तेही किडनी बघून कमी. पॉझिटिव्ह आले तर फेबुक्सोस्टॅटचा विचार होईल. हृदयाचा आजार आहे का ते आधी सांगा. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत फेबुक्सोस्टॅट घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू थोडे जास्त दिसले म्हणून अमेरिकेत त्यावर इशारा छापला गेला. २०२० च्या दुसऱ्या चाचणीत तसं दिसलं नाही. त्यामुळे सरसकट भीती नको, पण डॉक्टरांना माहीत हवं. आणि ती वेदनाशामक इंजेक्शनं थांबवा. त्यांच्या किडनीला ती परवडणारी नाहीत.

शिन्चूकर

मामांना तयार केलंय. सोमवारी नमुना जाईल, रिपोर्ट आला की इथेच टाकतो.

माहेरवाशीण

वाचनखूण साठवली. मिस्टरांच्या चिठ्ठीवर ५८:०१ लिहून घेतलं. लॅबवाल्याने खरंच आधी बी२७ चंच बिल काढलं होतं!

नवा_गडी

उशिरा आलो. मी सात-आठ वर्षं अ‍ॅलोप्युरिनॉल १०० घेतोय, काही त्रास नाही. हे सगळं वाचून काल घेतली नाही. तपासणी करून मगच परत सुरू करू का?

स्किनओपीडी

एवढी वर्षं सोसलीय तर आता तपासणीने काही बदलणार नाही. भीतीपोटी बंद करू नका, झटका येईल. मध्ये कधी मोठा खंड पडला होता का?

नवा_गडी

लॉकडाऊनमध्ये दोनेक महिने मिळाली नव्हती. मग परत सुरू केली.

स्किनओपीडी

आणि तेव्हाही काही झालं नाही. आजची गोळी घ्या, आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन बघत जा.